एपीआरएस आणि पॅकेट रेडिओ: आधी ऐका, मग बीकन सोडा

नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, एपीआरएसकडे (ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम: ठिकाण, हवामान, निरोप अशी माहिती छोट्या डिजिटल तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये, रेडिओवरून पाठवण्याची पद्धत) बहुतेक वेळा नकाशा पाहून ओढला जातो. नकाशावर गाड्यांची, घरांची, हवामान केंद्रांची चिन्हे सरकत असतात आणि आपलेही चिन्ह तिथे दिसावे असे वाटते. ते वाटणे रास्तच आहे. पण नकाशामागे जे चालते ते वेगळेच आहे: एक फ्रीक्वेन्सी, सेकंदाला फक्त १२०० बिट्स, आणि त्या अरुंद वाटेवरून त्या भागातले सगळेच जण जाणार. या लेखातली प्रत्येक पायरी शेवटी याच गोष्टीशी येऊन भिडते, म्हणून क्रम उलटा ठेवला आहे. आधी ऐकायचे, मग समजून घ्यायचे, आणि प्रसारण त्यानंतर.

एपीआरएस उभी केली बॉब ब्रुनिंगा यांनी. ते अमेरिकेच्या नौदल अकादमीत काम करत आणि त्यांचे कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखनाव, डब्ल्यूबी४एपीआर होते. १९८० च्या दशकात त्यांनी जहाजांची आणि घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची ठिकाणे संगणकावर दाखवण्याचे प्रयोग केले, त्यातून ही पद्धत घडत गेली आणि १९९२ च्या सुमारास आजच्या नावाने पुढे आली. त्यांच्या मनात ती निव्वळ गाडी शोधण्याची सोय कधीच नव्हती. आजूबाजूच्या हॅमना या क्षणी जे ठाऊक असायला हवे ते सगळे या चॅनेलवर यावे, ही त्यांची कल्पना: कोण कुठे आहे, कुठला रिपीटर (ऐकलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारे केंद्र) चालू आहे, पाऊस किती पडला, कुणाला निरोप द्यायचा आहे. हे ध्यानात ठेवले की पुढचे अनेक निर्णय सोपे होतात.

एक सूचना आधीच देतो. इथे वाइड१-१ वगैरे शब्द (त्यांचा अर्थ चौथ्या पायरीत) देवनागरीत लिहिले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ते रोमन मोठ्या अक्षरांत टाकायचे.

पायरी पहिली: परवाना आणि फ्रीक्वेन्सी

प्रसारणासाठी हौशी रेडिओचा परवाना लागतो, यात सूट नाही. ट्रॅकर, म्हणजे ठिकाण पाठवणारे यंत्र, आपोआप चालतो म्हणून जबाबदारी ट्रॅकरची होत नाही. प्रत्येक पॅकेटमध्ये तुमचे कॉल साइन जाते आणि त्याला उत्तरदायी तुम्हीच. हौशी बँडवर मजकूर सांकेतिक करून लपवता येत नाही, त्यामुळे जे पाठवाल ते कुणीही वाचू शकेल असे धरूनच पाठवा. निव्वळ ऐकण्याबाबतचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, तेही एकदा पाहून घ्या.

फ्रीक्वेन्सी जगभर एक नाही. उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, युरोपात १४४.८००, ऑस्ट्रेलियात १४५.१७५, न्यूझीलंडमध्ये १४४.५७५. तुमच्याकडे कोणती वापरात आहे हे स्थानिक क्लबला विचारा आणि तीच धरा. ‘तिथे फार गर्दी आहे, मी शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर करतो’ या विचाराला इथे अर्थ नाही. जिथे कुणी ऐकत नाही तिथे बीकन, म्हणजे आपल्या ठिकाणाचे पॅकेट, सोडून काहीच साधत नाही.

पायरी दुसरी: ऐकणे

हातात एफएम रेडिओ असेल तर त्या फ्रीक्वेन्सीवर लावा. मधूनच ‘खर्रर्र’ असा अर्ध्या-एक सेकंदाचा कर्कश आवाज येईल, तेच पॅकेट. त्यात दोन सूर असतात, १२०० आणि २२०० हर्ट्झचे, आणि त्यांच्या अदलाबदलीतून बिट्स बनतात. ही टेलिफोनच्या काळातली बेल २०२ मोडेमची पद्धत आहे. जुनी आहे, हळू आहे, पण कुठल्याही आवाजी रेडिओवरून जाते. ती टिकून राहिली त्याचे कारण हेच.

हा आवाज उलगडण्याचे काम टीएनसी करतो. पूर्वी ती एक वेगळी पेटी असे. आज तेच काम संगणकातले साउंड कार्ड आणि डायर वुल्फ हे मोफत सॉफ्टवेअर करते. ते विंडोज, लिनक्स आणि रास्पबेरी पाय या तिन्हींवर चालते. रेडिओच्या स्पीकरच्या जॅकमधून केबल काढून संगणकाच्या ऑडिओ इनपुटला जोडा. शक्य असेल तर साधे यूएसबी साउंड कार्ड या कामासाठी वेगळेच ठेवा, त्याचे कारण पुढे येईल. रेडिओ नसेल तर आरटीएल-एसडीआर डोंगलवरही (संगणकाला लावायचा, फक्त ऐकणारा रिसीव्हर) ऐकता येते, आणि सुरुवातीला मला तोच मार्ग बरा वाटतो, कारण चुकून प्रसारण होण्याची भीतीच उरत नाही.

रेडिओच्या चार गोष्टी तपासा. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय, पूर्ण उघडा, कारण तो उघडायला जो वेळ घेतो त्यात पॅकेटची सुरुवात कापली जाते. खरखर सहन करण्याचे काम सॉफ्टवेअरचे, तुमचे नाही. ठराविक सूर आला तरच उघडणारा टोन स्क्वेल्च बंद करा. हँडहेल्डमधली बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, कारण तीत रेडिओ अधूनमधून झोपतो आणि नेमके पॅकेट तेव्हाच येते. आवाजाची पातळी डायर वुल्फ प्रत्येक पॅकेटसोबत दाखवतो. ती ५० च्या आसपास येईल असा व्हॉल्यूम ठेवा. थोडे इकडेतिकडे चालते. आवाज फाटू लागला मात्र काहीच उलगडत नाही.

आता पडद्यावर ओळी येऊ लागतील. नकाशा लगेच उघडू नका, दोन-तीन संध्याकाळी या कच्च्या ओळीच वाचा. ओळीच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याचे कॉल साइन, मग ‘>’ हे चिन्ह, मग एक ठरीव शब्द ज्यावरून कुठले सॉफ्टवेअर किंवा यंत्र वापरले ते कळते, मग स्वल्पविराम देऊन पॅकेट ज्या वाटेने आले ती वाट, मग ‘:’ हे चिन्ह आणि त्यापुढे खरा मजकूर. वाटेतल्या एखाद्या नावापुढे तारा दिसेल. तुम्ही प्रत्यक्ष ऐकले ते त्या तारांकित स्टेशनला. मूळ पाठवणारा डोंगरापलीकडे असू शकतो. तारा कुठेच नसेल तर पॅकेट थेट आले. ही एक खूण वाचता आली की तुमच्या परिसराचा रेडिओ-नकाशा डोक्यात तयार होऊ लागतो: कुठला डिजिपीटर (ऐकलेले पॅकेट पुन्हा सोडणारे स्टेशन) उंचावर आहे, कुठला थकलेला आहे, कोण दर अर्ध्या मिनिटाला उगाच बोलतो आहे.

काही ओळींत मजकूर अगम्य अक्षरांचा दिसेल. तो बिघाड नव्हे. ती माइक-ई नावाची दाबून बसवलेली लिहिण्याची पद्धत आहे. तीत अक्षांश चक्क त्या ठरीव शब्दाच्या जागी लपवलेला असतो, म्हणून पॅकेट लहान होते. एपीआरएस अंगभूत असलेले बरेच रेडिओ ती वापरतात.

पायरी तिसरी: स्वतःची ओळख ठरवणे

कॉल साइनच्या पुढे ० ते १५ पर्यंतचा आकडा जोडता येतो, त्याला एसएसआयडी म्हणतात. एकाच माणसाची गाडी, घर आणि हँडहेल्ड नकाशावर वेगवेगळे दिसावेत यासाठी ही सोय. सक्ती नाही, पण रूढी पाळली तर पाहणाऱ्याला सोपे जाते: घरच्या स्टेशनला आकडा नाही, हँडहेल्डला ७, गाडीला ९, इंटरनेटशी जोडणाऱ्या आयगेटला १०, फुग्याला ११, हवामान केंद्राला १३. एकच एसएसआयडी दोन यंत्रांत ठेवला तर तुमचे चिन्ह नकाशावर दोन ठिकाणी उड्या मारत राहते आणि तुमच्या नावे आलेला निरोप नेमका कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

चिन्हही दोन अक्षरांनी ठरते. ‘/>’ म्हणजे गाडी, ‘/-’ म्हणजे घर, ‘/[’ म्हणजे चालणारा माणूस, ‘/_’ म्हणजे हवामान केंद्र. बहुतेक सॉफ्टवेअर यादीतून निवडू देते, म्हणून पाठ करायची गरज नाही.

ठिकाण लिहिताना मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे फसणारे पुष्कळ. फोनचा नकाशा अंशांचा दशांश देतो, उदाहरणार्थ १२.३४५६. एपीआरएसला हवे असतात अंश आणि मिनिटे. दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणायचे: ०.३४५६ गुणिले ६० म्हणजे २०.७४ मिनिटे. तेव्हा अक्षांश १२२०.७४ असा लिहायचा आणि पुढे उत्तर की दक्षिण ते. नुसता बिंदू सरकवून १२३४.५६ लिहिले तर तुमचे घर १३.८२ मिनिटे, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर, उत्तरेला जाऊन बसते. रेखांशात अंशांना तीन आकडे लागतात, ४५ असेल तर ०४५. शेवटच्या दोन दशांशांतला एक फरक जमिनीवर साडेअठरा मीटरचा, तेवढी अचूकता रोजच्या कामाला पुरते.

घराचे ठिकाण इतके नेमके द्यावे का, हा विचार मात्र आधी करा. एपीआरएसवर गेलेले पॅकेट इंटरनेटवर जाते आणि एपीआरएस.एफआय सारख्या संकेतस्थळांवर साठून राहते. तुम्ही रोज कधी निघता, कुठे थांबता, घर कधी रिकामे असते हे कुणालाही पाहता येते. मिनिटांतले शेवटचे आकडे मोकळे ठेवून ठिकाण मुद्दाम ढोबळ देण्याची सोय पद्धतीतच आहे. घर ढोबळ ठेवणे आणि गाडीचा ट्रॅकर घरापासून थोडे अंतर गेल्यावर चालू करणे, ही सवय मला शहाणपणाची वाटते.

पायरी चौथी: पाथ, म्हणजे पॅकेटने किती उड्या मारायच्या

इथे थोडे थांबू. चॅनेलचे भले-बुरे या एका खान्यावर ठरते आणि लोक नेमका हाच खाना कुठून तरी नकलून भरतात.

आधी हिशेब. साधारण १०० बाइटचे पॅकेट म्हणजे ८०० बिट्स. १२०० च्या वेगाने ते सेकंदाच्या दोन-तृतीयांश वेळात जाते. रेडिओ प्रसारणावर स्थिर व्हायला सुमारे ०.३ सेकंद लागतात ते धरले की एक पॅकेट म्हणजे एक सेकंद. म्हणजे मिनिटाला ६० पॅकेट जातील? नाही. सगळे आपापल्या मनाने बोलत असतील तर टकरी होणार. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी अलोहानेट हे रेडिओचे जाळे सुरू केले. तिथला हिशेब असा की कुणी कुणाचे न ऐकता बोलले तर चॅनेलच्या वेळेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच कामी येतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ११ पॅकेट. आपले रेडिओ बोलण्याआधी ऐकतात म्हणून स्थिती थोडी बरी असावी, असे वाटते. पण दरीतली गाडी दुसऱ्या दरीतल्या गाडीला ऐकू शकत नाही आणि डोंगरावरचा डिजिपीटर दोघांनाही ऐकतो. दोघी एकदम बोलल्या की त्याच्या कानात नुसता कालवा. म्हणून डोंगरावर प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांचाच हिशेब धरावा.

आता डिजिपीटर. तो ऐकलेले पॅकेट त्याच फ्रीक्वेन्सीवर पुन्हा सोडतो. तुमचे पॅकेट तीन डिजिपीटरांनी ऐकले तर तुमच्या एका सेकंदाचे जवळजवळ चार झाले. त्या तिघांना आणखी काहींनी ऐकले तर आणखी वाढले. किती वेळा वाढू द्यायचे ते पाथ ठरवतो. वाइड२-२ मधला शेवटचा आकडा म्हणजे उरलेल्या उड्या. प्रत्येक डिजिपीटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट पुढे जात नाही.

गाडीसाठी रूढ पाथ आहे ‘वाइड१-१,वाइड२-१’. पहिली उडी कुणीही, अगदी घरगुती छोटा डिजिपीटरही, घेऊ शकतो, कारण खाली रस्त्यावरची गाडी डोंगरापर्यंत पोचेलच असे नाही. दुसरी उडी उंचावरच्या मोठ्या डिजिपीटरची. एकूण दोन, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यात पॅकेट कुठल्या तरी आयगेटपर्यंत जाते. घरच्या, छतावर अँटेना असलेल्या स्टेशनला ‘वाइड२-१’ पुरे. शेजारीच आयगेट असेल तर पाथ रिकामा ठेवा. नकाशावर तुम्ही तसेच दिसाल आणि कुणाचा वेळही जाणार नाही. फुगा किंवा विमान असेल तर पाथ जवळजवळ नकोच: १० किलोमीटर उंचीवरून रेडिओचे क्षितिज ४०० किलोमीटरच्या पुढे जाते, तिथून एक उडी मागितली तरी शेकडो किलोमीटरच्या परिघातले सगळे डिजिपीटर एकदम ओरडू लागतात.

जुन्या लेखांत रिले, ट्रेस, वाइड५-५, वाइड७-७ असे पाथ भेटतील. ते इतिहासजमा समजा. अनेक डिजिपीटर ते आता मुद्दाम अडवतात, आणि ते बरोबरच करतात.

पायरी पाचवी: पहिले प्रसारण

संगणकातून रेडिओत दोन गोष्टी जायला हव्यात: ऑडिओ आणि पीटीटी, म्हणजे बटण दाबण्याचा इशारा. व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप प्रसारण, हे काम भागते. पण व्हॉक्स उशिरा सुरू होतो, उशिरा सोडतो आणि तेवढा वेळ चॅनेल अडकते. पीटीटीचा वेगळा तार असलेला इंटरफेस घ्या किंवा बनवा. वेगळे साउंड कार्ड यासाठी सांगितले की संगणकाची ‘टिंग’ सूचना, नाहीतर उघड्या राहिलेल्या व्हिडिओचे संगीत, हवेवर जाऊ नये. रेडिओचा टाइम-आउट टायमर मिनिटभराला लावून ठेवा. सॉफ्टवेअर अडकले आणि पीटीटी दाबलेलेच राहिले तर तोच अख्ख्या जिल्ह्याचे चॅनेल मोकळे करील.

पाठवण्याची ऑडिओ पातळी हा नवख्यांचा सर्वांत दुर्लक्षित भाग. जोरात पाठवले म्हणजे लांब जाते असे एफएममध्ये होत नाही; ठराविक मर्यादेपुढे सूर चेपले जातात आणि पॅकेट सगळ्यांना ऐकू येते पण कुणालाच उलगडत नाही. विचलन, म्हणजे सुरांमुळे फ्रीक्वेन्सी किती सरकते ते, ३ किलोहर्ट्झच्या आसपास असावे. मोजायचे यंत्र नसेल तर दुसऱ्या रेडिओवर स्वतःचे पॅकेट ऐका. पातळी वाढवत जा. एका टप्प्यानंतर ऐकू येणारा आवाज वाढायचा थांबेल, तिथे मर्यादा लागली. आता तो स्पष्टपणे कमी ऐकू येईल इतके, सुमारे निम्म्यापर्यंत, खाली या. हा प्रयोग मोकळ्या फ्रीक्वेन्सीवर आणि कमीत कमी शक्तीवर करा.

टीएक्स-डिले म्हणजे बटण दाबल्यापासून माहिती सुरू होईपर्यंतचा अवकाश. ३०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो १० मिलिसेकंदांच्या एककात असतो, म्हणजे ३० लिहायचे. सगळे नीट चालले की हळूहळू कमी करून पाहा. वाचलेला प्रत्येक मिलिसेकंद सगळ्यांच्या वाट्याला येतो.

आता एकच बीकन सोडा आणि ऐका. डिजिपीटरने तुमचे पॅकेट पुन्हा सोडलेले तुमच्याच पडद्यावर तारा लावून परत आले, तर काम झाले. इंटरनेटवरच्या नकाशाची वाट पाहण्यापेक्षा ही खात्री जास्त मोलाची, कारण ती पूर्णपणे हवेतली आहे. नकाशावर कच्ची पॅकेट पाहायची सोय असते, तिथे कुठल्या वाटेने आले तेही दिसते. मात्र इंटरनेटवरचे सर्व्हर दुबार प्रती टाकून देतात, म्हणून तिथे सहसा पहिली पोचलेली वाटच दिसते. इतर कुणी तुम्हाला ऐकलेच नाही असा त्याचा अर्थ काढू नका.

पायरी सहावी: फिरते स्टेशन

जीपीएस रिसीव्हर, टीएनसी आणि रेडिओ हे तीन भाग एकत्र आले की ट्रॅकर झाला. ते तीन वेगळे असू शकतात, एका छोट्या पेटीत असू शकतात, किंवा रेडिओतच असू शकतात. अँड्रॉइड फोनवर एपीआरएसड्रॉइड हे अ‍ॅप आणि ब्लूटूथने जोडलेला छोटा टीएनसी हा मधला मार्ग बरा. फोनचा स्पीकर रेडिओच्या माइकसमोर धरून बीकन सोडण्याचे व्हिडिओ दिसतात. गंमत म्हणून एकदा करून पाहायला हरकत नाही, रस्त्यावर मात्र त्यावर विसंबू नका.

ठरावीक वेळाने बीकन सोडण्यापेक्षा स्मार्टबीकनिंग वापरा. त्यात वेग आणि वळण पाहून यंत्र ठरवते. सरळ महामार्गावर दोन-तीन मिनिटांनी एक पुरते, वळण सुमारे ३० अंशांहून जास्त झाले की लगेच एक, थांबल्यावर अर्ध्या तासाने. नकाशावर रस्ता ठिपक्या-ठिपक्याने नीट उमटतो आणि पॅकेटही कमी लागतात. घरच्या स्टेशनला तर अर्ध्या तासाच्या आत बीकनची गरज नाही; घर कुठे पळून जात नाही.

फिरत्या स्टेशनात शक्तीपेक्षा अँटेना मोठा. पाच वॅटचा हँडहेल्ड सीटवर ठेवून त्याच्या रबरी अँटेनावर भरवसा ठेवला तर गाडीच्या पत्र्याच्या आतच निम्मे संपते. छताच्या मध्यावर चुंबकाने बसवलेला पाव-लहरीचा, म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटरचा, साधा दांडाही मोठा फरक पाडतो. पाठीवरच्या पिशवीत ट्रॅकर ठेवून डोंगर चढणाऱ्यांनी अँटेना पिशवीबाहेर आणि अंगापासून दूर ठेवावा. जीपीएसला आकाश दिसले पाहिजे हे वेगळे सांगायला नको; सिग्नल गेल्यावर काही ट्रॅकर जुनेच ठिकाण पाठवत राहतात, म्हणून स्थिर दिसणारा माणूस खरोखरच थांबला आहे असे लगेच मानू नका. शोधकार्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पायरी सातवी: आयगेट की डिजिपीटर

थोडी गोडी लागली की ‘मीही एक डिजिपीटर लावतो’ असे मनात येतेच. जरा थांबा. डिजिपीटर म्हणजे भर सभेत प्रत्येकाचे वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवणारा माणूस. मागच्या रांगेला खरेच ऐकू येत नसेल तर तो हवा; नाहीतर सभा बंद पाडतो. ज्या दरीतून डोंगरावरचा डिजिपीटर पोचत नाही तिथे फक्त वाइड१-१ ला उत्तर देणारा छोटा डिजिपीटर उपयोगी. तोही आधीचे डिजिपीटर सांभाळणाऱ्यांशी बोलून.

आयगेट मात्र बिनधास्त लावा, निदान फक्त ऐकणारा. तो हवेतली पॅकेट एपीआरएस-आयएस या इंटरनेटवरच्या जाळ्यात टाकतो आणि चॅनेलवर त्याचा शून्य भार पडतो. डायर वुल्फमध्ये सर्व्हरचे नाव, कॉल साइन आणि पासकोड अशा दोन-तीन ओळींचे काम आहे. जोडणी १४५८० या पोर्टवर होते. पासकोड तुमच्या कॉल साइनवरूनच गणिताने निघतो. त्याला गुप्त कुलूप समजू नका, परवानाधारकाला ओळखण्याची ती एक सौम्य चाळण आहे.

दुतर्फा आयगेटची जबाबदारी मोठी. इंटरनेटवरून आलेले हवेवर सोडायचे म्हणजे तुमच्या कॉल साइनवर दुसऱ्याचा मजकूर जाणार. फक्त नुकत्याच जवळपास ऐकलेल्या स्टेशनांसाठीचे निरोप सोडा, बाकी काही नाही. सगळा प्रवाह हवेवर ओतला तर चॅनेल मिनिटभरात ठप्प होते.

निरोपांबद्दल दोन शब्द. एपीआरएसवर एका निरोपाला ६७ अक्षरांची मर्यादा आहे आणि पलीकडून पोच येते. पोच आली नाही तर सॉफ्टवेअर पुन्हा पाठवते. ही सोय फारसे कुणी वापरत नाही, हे खटकते. रिकामे ठिपके पाहण्यापेक्षा एखाद्या ठिपक्याला ‘नमस्कार’ म्हणणे जास्त रंजक.

पायरी आठवी: एपीआरएसच्या पलीकडचे पॅकेट

एपीआरएसची पॅकेट एएक्स.२५ या नियमावलीत बसवलेली असतात, पण तिचा फक्त एक कोपरा वापरतात: पाठवा आणि विसरा. त्या नियमावलीचा खरा दिमाख जोडलेल्या संवादात आहे. दोन स्टेशने एकमेकांशी जोडणी करतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, हरवला तर पुन्हा मागवला जातो, मजकूर जसाच्या तसा पोचतो. हौशींचे पॅकेट १९७८ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला सुरू झाले, तिथून अमेरिकेत टुसॉनच्या टीएपीआर या गटाने टीएनसीचे किट घरोघर पोचवले आणि १९८४ मध्ये एएक्स.२५ ची दुसरी आवृत्ती ठरली. इंटरनेट घरात येण्याआधी हॅम मंडळी यावरून पत्रे पाठवत होती.

हे करून पाहायला दोन मित्र आणि एपीआरएसपासून वेगळी फ्रीक्वेन्सी लागते. ‘वेगळी’ यावर जोर आहे. लांब संवाद एपीआरएसच्या चॅनेलवर करू नका. पहिल्या संध्याकाळी डायर वुल्फला एखादा टर्मिनल प्रोग्राम जोडून एकमेकांना टंकलिखित गप्पा मारा. दोघांमध्ये किस ही टीएनसीची सोपी बोली असते. नेटवर्कवरून जोडायचे तर डायर वुल्फ ती ८००१ या पोर्टवर बोलतो. जमले की एकाने लिनबीपीक्यू हे सॉफ्टवेअर बसवावे. त्यात टपालपेटी, गप्पांची खोली आणि एका नोडवरून (जाळ्यातल्या स्टेशनावरून) दुसऱ्यावर उडी घेण्याची सोय असे सगळे एकत्र मिळते. तीन-चार गावांत असे नोड झाले की वीज आणि इंटरनेट गेल्यावरही निरोप फिरत राहतात, अर्थात बॅटऱ्या भरलेल्या असतील तर.

१२०० चा कंटाळा आल्यावर ९६०० कडे वळावेसे वाटेल. तिथे माइक आणि स्पीकरचे जॅक चालत नाहीत, कारण त्यांतली गाळणी खालचे सूर कापते. रेडिओला वेगळे डेटा पोर्ट हवे. त्याआधी चूक-दुरुस्ती असलेले एफएक्स.२५ किंवा आयएल२पी वापरून पाहा. वेग तोच राहतो, पण एखादा बिट बिघडला म्हणून अख्खे पॅकेट फेकावे लागत नाही. क्षीण सिग्नलवर हा फरक लगेच जाणवतो.

हौशींसाठी इंटरनेटच्या पत्त्यांचाही एक राखीव गठ्ठा आहे, ४४ ने सुरू होणारा. त्यातला एक चतुर्थांश २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनला विकला गेला आणि त्यावरून मंडळींत बराच वाद झाला. उरलेले पत्ते परवानाधारकांना मागता येतात, पण ते पुढच्या वर्गाचे काम.

दोन आडवाटा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १४५.८२५ मेगाहर्ट्झचा डिजिपीटर आहे. तो चालू असला तर स्थानक डोक्यावरून जाताना दहाएक मिनिटे हँडहेल्डवरही पॅकेट ऐकू येतात. त्याच्या वेगामुळे फ्रीक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत सरकते, पण एफएम तेवढे पचवते. पाठवायचे असेल तर पाथ ‘एआरआयएसएस’, आणि एका फेरीत मोजकीच पॅकेट. खाली अर्धा खंड त्याच दाराशी उभा असतो.

दुसरी वाट लोरा एपीआरएसची, म्हणजे लोरा या वेगळ्या डिजिटल रेडिओ पद्धतीवर चालणाऱ्या एपीआरएसची. छोट्या ईएसपी३२ बोर्डावर, अगदी थोड्या शक्तीत, ती चांगली लांब जाते. युरोपात ती ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर चालते. तुमच्या देशात तो तुकडा हौशींना दिलेला आहे का हे आधी तपासा, सगळीकडे तो नाही. लोराचे पॅकेट साध्या एफएम रेडिओला कळत नाही, म्हणून तुमच्या भागात लोराचा आयगेट नसेल तर ट्रॅकर घेण्याआधी तो उभा करावा लागेल.

अडले तर

काहीच उलगडत नसेल पण खर्रर्र ऐकू येत असेल तर ऑडिओ पातळी आणि चुकीचे साउंड कार्ड, याच क्रमाने पाहा. इतरांचे उलगडते पण तुमचे कुणी उलगडत नाही, तर पाठवण्याची पातळी जास्त आहे, दहांत आठ वेळा हेच. प्रसारण सुरू होताच यूएसबी तुटते किंवा संगणक गोठतो, तर रेडिओची ऊर्जा केबलमध्ये शिरते आहे: केबलला फेराइटचे मणी लावा आणि अँटेना संगणकापासून दूर न्या. डिजिपीटर तुम्हाला ऐकतो पण नकाशावर नाव नाही, तर बहुधा त्या भागात आयगेट बंद पडला आहे. क्लबला कळवा, नाहीतर ऐकणारा आयगेट तुम्हीच लावा. आणि घरच्या स्टेशनचा बीकन दर मिनिटाला जातो आहे असे कुणी सांगितले, तर रागावण्याआधी सेटिंगमधले एकक पाहा: कुठे सेकंद असतात, कुठे मिनिटे.